रँग्लर परांजपे : फर्ग्युसन ते कॅनबेरा

रँग्लर परांजपे म्हटले की मराठी वाचकाला केंब्रिज आठवते, फार तर फर्ग्युसन कॉलेज. ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते हे थोड्यांना माहीत असते. स्वातंत्र्याच्या तोंडावर ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, हिंदुस्थानचे हायकमिशनर होते हे त्याहून थोड्यांना.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म 16 फेब्रुवारी 1876 चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचा. धोंडो केशव कर्वे त्यांचे नात्याने भाऊ. शिकायला त्यांना मुंबईस आणले ते कर्व्यांनीच. मराठा हायस्कूल, मग फर्ग्युसन, मग सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांची नावे गुणानुक्रमे जाहीर होत. यादीतला पहिला तो सीनियर रँग्लर. 1899 मध्ये परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल यांना हे स्थान विभागून मिळाले. गुणानुक्रम लावण्याची ही पद्धत 1909 नंतर बंदच झाली.

1902 मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याने वीस वर्षे काम करायचे, तेही महिना सत्तर-पंच्याहत्तर रुपयांवर, असा दंडक होता. गोखले त्याच वर्षी कॉलेजातून बाहेर पडून कायदेमंडळाच्या कामाला लागले होते. शिक्षक, मग कौन्सिल, ही वाट त्यांनी घालून दिलेलीच होती. परांजपेही पुढे तिनेच गेले, फक्त स्वभावाने जास्त रोखठोक. 1905 मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा विद्यार्थी असलेल्या विनायक सावरकरांना त्यांनी 10 रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्याला मोकळीक किती असते, हा हिशेब त्यामागे असणार. पण पुण्यातल्या जहाल मंडळींनी ती गोष्ट त्यांना कधी विसरू दिली नाही.

कौन्सिलात, म्हणजे मुंबईच्या कायदेमंडळात, ते 1913 पासून होते. 1916 मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही झाले. खरी परीक्षा 1921 ला सुरू झाली. 1919 च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. खात्यांचे दोन भाग झाले. शिक्षण, आरोग्य, अबकारी, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे. अर्थ, पोलीस, जमीन महसूल ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. कागदावर ठीक दिसणारी ही वाटणी मंत्र्याच्या टेबलावर कशी नडायची, ते पाहण्यासारखे आहे. शाळा काढायची तर प्रस्ताव शिक्षणखात्यात तयार होई, पण पैशाची फाइल जायची अर्थखात्याकडे, आणि ते राखीव. पहिल्या महायुद्धानंतर तिजोरीत खडखडाट. त्यातून मंत्र्याचा पगार कौन्सिलच्या मतावर अवलंबून आणि मंत्र्याचा सल्ला मानायचा की नाही हे गव्हर्नरच्या मर्जीवर. म्हणजे जाब मंत्र्याने द्यायचा आणि किल्ल्या दुसऱ्याच्या कनवटीला.

या कैचीत सापडूनही परांजप्यांच्या खात्याने 1923 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आणला. प्राथमिक शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून काढून नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे द्यायचा, सक्तीच्या शिक्षणाची योजना त्यांनी आखायची आणि सरकारने खर्चाचा वाटा उचलायचा, अशी त्याची रचना. अडले ते या शेवटच्या कलमापाशी. सरकारी वाटा वेळेवर नाही म्हणून बोर्डांच्या योजना रेंगाळल्या. शिवाय शिक्षकांच्या नेमणुका-बदल्या बोर्डांच्या हाती गेल्या, तिथे स्थानिक राजकारण शिरायला वेळ लागला नाही. पुढे 1947 मध्ये नवा कायदा करावा लागला.

1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाच्या लाटेत परांजप्यांच्या नेमस्त गटाची धूळधाण झाली आणि परांजप्यांचे मंत्रिपद गेले. पण मंत्रिपदाचा अनुभव वाया गेला नाही. द्विदल पद्धतीची चौकशी करणाऱ्या मुडीमन समितीत 1924 मध्ये त्यांची नेमणूक झाली. समितीत नऊ जण. बहुमताचे म्हणणे, किरकोळ डागडुजी पुरे. तेजबहादूर सप्रू, शिवस्वामी अय्यर, जिना आणि परांजपे या चौघांनी मात्र वेगळा अहवाल दिला : दोष पद्धतीतच आहे, घटनाच बदला. चौघांपैकी परांजप्यांनी ती फाइल-मारामारी मंत्री म्हणून स्वतः भोगली होती. माझ्या मते त्यांच्या राजकीय आयुष्यातला सर्वात वजनदार कागद हाच.

पुढची पदे बहुतेक नेमणुकीची. 1927 ते 1932 लंडनला भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर, म्हणजे इंडिया कौन्सिलवर. मग 1938 पर्यंत लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. 1942 मध्ये ‘सर’. काँग्रेसपासून दूर राहिलेल्या, समित्यांत मुरलेल्या लिबरल माणसाला साम्राज्याच्या चौकटीत मिळू शकणारी हीच शिडी होती.

1944 मध्ये ते ऑस्ट्रेलियातले पहिले भारतीय हायकमिशनर झाले. वय 68. देश अजून पारतंत्र्यात, त्यामुळे स्वतंत्र परराष्ट्र धोरण नाही. ते प्रतिनिधी व्हाइसरॉयच्या सरकारचे. संबंध मुख्यतः व्यापाराचे. ऑस्ट्रेलियाचा गहू ज्या पोत्यांत भरला जाई आणि लोकर ज्या गोणपाटात बांधली जाई, तो ताग कलकत्त्याचा. इकडे बंगालच्या दुष्काळानंतर हिंदुस्थानला गहू हवा होता, पण युद्धामुळे जहाजांचीच टंचाई. सर्वात अवघड प्रश्न होता तो ‘गोऱ्यांपुरता ऑस्ट्रेलिया’ या धोरणाचा, म्हणजे गोरे नसलेल्यांना देशात स्थायिक होऊ न देण्याचा. 1901 च्या कायद्यानुसार येणाऱ्याला अधिकारी 50 शब्दांचे श्रुतलेखन घालू शकत असे, आणि नको असलेल्या माणसासाठी भाषा मुद्दाम न येणारी निवडली जाई. नापास झाला की प्रवेश नाही. आधीपासून तिथे राहणाऱ्या हिंदुस्थानी लोकांना 1925 मध्ये संघराज्याच्या निवडणुकीत मत मिळाले होते. नव्या माणसाला दार बंदच होते.

परांजपे 1947 मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले. 6 मे 1966 रोजी त्यांचे निधन झाले. श्रुतलेखनाची ती परीक्षा त्याआधी आठ वर्षे, 1958 मध्ये, रद्द झाली होती.