छोटे, स्वस्त, लपवता येणारे पिस्तूल: अमेरिकेतील पार्श्वभूमी

अमेरिकेत आज 300 डॉलरच्या आसपास अर्ध्या किलोच्या आतबाहेरचे 9 एमएम पिस्तूल मिळते. त्यात दहा-बारा गोळ्या मावतात आणि सैल शर्टाखाली कमरेला लावले तर समोरच्याला पत्ता लागत नाही. 1980 साली कितीही पैसे मोजले तरी असे पिस्तूल मिळत नव्हते. तेव्हा गिऱ्हाइकापुढे पाच गोळ्यांचे .38 रिव्हॉल्वर (हा आकडा कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या साधारण व्यासाचा, इंचांत), .25 चे नाजूक खिसा-पिस्तूल किंवा जस्ताचे ओतीव स्वस्त हत्यार हेच मुख्य पर्याय असत. तिथून इथवर यायला चाळीस वर्षे लागली. त्यात कारखान्यातल्या अभियंत्यांचा वाटा मोठा आहे, पण कायदे करणाऱ्यांचाही तितकाच आहे. आजच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात जे मांडलेले दिसते, त्यामागे 1968, 1987 आणि 1994 या तीन साली झालेले कायदे आहेत.

खिशातल्या हत्याराची सुरुवात फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरच्या एकबारी पिस्तुलापासून धरतात. 14 एप्रिल 1865 रोजी लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी अशाच पिस्तुलातली होती. पुढे रेमिंग्टनने एकावर एक दोन नळ्या असलेले .41 चे पिस्तूल 1866 पासून 1935 पर्यंत विकले. खरी उडी मात्र बंदुकांचा आराखडाकार जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावर बनलेल्या कोल्टच्या 1908 च्या .25 पिस्तुलाने घेतली. लांबी साडेचार इंच, वजन जेमतेम 370 ग्रॅम, मॅगझिनमध्ये सहा गोळ्या. कोटाच्या आतल्या खिशात ते सहज राहायचे.

हे पिस्तूल इतके लहान का होऊ शकले, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. गोळी उडते तेव्हा वायूचा जितका दाब गोळीला पुढे ढकलतो, तितकाच रिकाम्या पुंगळीला मागे रेटतो. साध्या रचनेत स्लाइडला, म्हणजे नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, जागेवर धरून ठेवायला कुठलीही कडी नसते. स्लाइडचे स्वतःचे वजन आणि तिच्यामागची स्प्रिंग एवढ्यावरच काम भागवायचे. .25 चे काडतूस दुबळे असल्याने हलकी स्लाइड पुरते. .380 ला ती जड लागते आणि स्प्रिंग ताठ लागते. वॉल्थर या जर्मन कंपनीचे पीपीके हातात घेतलेल्यांना हे लगेच जाणवते: स्लाइड मागे ओढायला जोर लागतो आणि झटका तीक्ष्ण बसतो. 9 एमएम ला हीच साधी रचना लावली तर स्लाइड इतकी जड करावी लागते की पिस्तूल खिशाच्या कामाचे राहत नाही. ओहायोत बनणारे हाय-पॉइंटचे सी-9 याचे चालतेबोलते उदाहरण आहे. किंमत अगदी कमी, भरवशाला बरे, पण वजन 820 ग्रॅमच्या घरात आणि स्लाइड विटेएवढी जाड. स्वस्त हवे असेल तर ते आहे, लपवायला मात्र नाही. मोठ्या काडतुसासाठी ब्राउनिंगनेच दुसरी युक्ती काढली होती. नळी आणि स्लाइड पहिले काही मिलिमीटर एकमेकांत अडकून मागे येतात, दाब उतरला की नळीचे मागचे टोक खाली झुकते आणि स्लाइड सुटते. ही रचना लहान आकारात आणि स्वस्तात बसवायला जवळजवळ सगळे विसावे शतक गेले.

मधल्या काळात लपवून बाळगायचे हत्यार म्हणजे छोट्या नळीचे रिव्हॉल्वर, हे समीकरण पक्के होते. कोल्टचे सहा गोळ्यांचे डिटेक्टिव्ह स्पेशल 1927 चे. स्मिथ अँड वेसनने 1950 साली पोलीस प्रमुखांच्या परिषदेत चीफ्स स्पेशल दाखवले, तेव्हा सहाऐवजी पाच गोळ्या ठेवून सिलिंडरची जाडी कमी केली होती. 1957 पासून तेच मॉडेल 36. पोलादी सांगाड्याचे वजन साधारण 550 ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे सव्वाचारशेच्या आसपास. नवख्याला हेच द्यावे, हा सल्ला आजही सर्रास ऐकू येतो. आम्हाला तो पटत नाही. घोडा न चढवता नुसता चाप ओढायचा तर बोटाला पाच-साडेपाच किलोचा जोर लावावा लागतो, म्हणजे हत्याराच्या वजनाच्या दहापटीच्या आसपास. त्यात वरची माशी (नेम धरायची पुढची खूण) आखूड आणि बारीक. परिणामी चाप ओढता ओढता नळी हलते आणि सात मीटरवरच्या लक्ष्यावरही गोळ्या विखुरतात. रिव्हॉल्वर वापरायला सोपे आहे, नेम साधून मारायला अवघड आहे. ज्याच्या हातात स्लाइड ओढायची ताकद नाही, त्याच्यासाठी ते अजूनही चांगले. इतरांनी सराव करायची तयारी असेल तरच घ्यावे.

भारतातल्या वाचकाच्या ओळखीचे .32 चे रिव्हॉल्वरही याच घराण्यातले. आपल्याकडे 9 एमएम आणि .38 हे बोर सामान्य परवानाधारकाला निषिद्ध असल्यामुळे कानपूरच्या सरकारी कारखान्यांतली रिव्हॉल्वरे .32 ची असतात. हे काडतूस स्मिथ अँड वेसनचे, 1896 चे, आणि त्याच सुमारास थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त असताना न्यूयॉर्कच्या पोलिसांकडे .32 चे रिव्हॉल्वर होते. 2014 साली महिलांसाठी म्हणून आलेले ‘निर्भीक’ अर्धा किलोचे होते आणि किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात. स्वस्त हा शब्द आपल्याकडे या वस्तूला कधी लागलाच नाही.

आता 1968. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांच्या वर्षी अमेरिकेने गन कंट्रोल अ‍ॅक्ट केला. त्यानुसार आयात होणाऱ्या पिस्तुलाला लांबी, वजन, कॅलिबर, सेफ्टीच्या सोयी अशा बाबींवर गुण मिळायचे आणि पिस्तूल पास व्हायला 75 गुण लागायचे. गुण मोजण्याआधीच लांबी किमान सहा इंच आणि उंची किमान चार इंच असावीच लागे. पीपीके उंचीत थोडक्यात नापास झाले. वॉल्थरने मग पीपीकेची आखूड स्लाइड थोरल्या पीपीच्या उंच सांगाड्यावर बसवली आणि पीपीके/एस नावाने अमेरिकेत पाठवली. उगीच लांबलेली ती मूठ निव्वळ कायद्याची देन आहे.

कायद्यात मोठी फट होती: नियम आयातीला होता, देशात बनणाऱ्या मालाला नव्हता. परदेशी स्वस्त पिस्तुले बंद झाली तशी लॉस एंजेलिसच्या परिसरात ती जागा भरून काढणारे कारखाने उभे राहिले. जॉर्ज जेनिंग्ज यांच्या रेव्हन आर्म्सचे एमपी-25 हे 1970 चे .25 पिस्तूल त्यातले पहिले. मागोमाग जेनिंग्ज, डेव्हिस, ब्रायको, लॉर्सिन ही नावे आली. सगळ्यांची भिस्त झमाक या जस्ताच्या मिश्रधातूवर होती. तो 385 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, साच्यात दाबून ओतला की सांगाडा जवळजवळ तयार निघतो आणि लेथ-मिलिंगचे काम फार उरत नाही. पोलाद कापण्यात जाणारा खर्च वाचला म्हणून किंमत खाली आली. .25 च्या बेताच्या दाबाला हा धातू पुरतो. पण त्याच पद्धतीने .380 बनवायला घेतले की स्लाइड आणि सांगाड्याला चिरा जाण्याच्या तक्रारी सुरू होतात.

धातूपेक्षा मोठी अडचण आतल्या रचनेची होती. या पिस्तुलांत गोळीवर आघात करणारा स्ट्रायकर ताणलेल्या स्प्रिंगसह एका छोट्या टेकूवर अडकलेला असे. टेकू निसटला तर त्याला वाटेत अडवणारा दुसरा अडसर नव्हता. त्यामुळे नळीत गोळी असताना पिस्तूल हातातून पडले तर बार उडण्याचा धोका खराच होता. ब्रायकोच्या मॉडेल 38 मध्ये तर सेफ्टी लावलेली असताना स्लाइड मागे येतच नसे. पिस्तूल रिकामे करायला आधी सेफ्टी काढावी लागे. असे रिकामे करतानाच गोळी सुटून एक लहान मुलगा कायमचा अधू झाला. 2003 मध्ये त्या खटल्याचा निकाल लागला आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. इलिनॉयसारख्या काही राज्यांनी त्याआधीच 800 अंश फॅरनहाइटच्या खाली वितळणाऱ्या ओतीव धातूच्या पिस्तुलांची विक्री रोखली होती. कॅलिफोर्नियाने 2001 पासून पिस्तूल आपटून पाहण्याची चाचणी सक्तीची केली. या पिस्तुलांना तिथे ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ म्हणत आणि जुन्या बाजारात ती अजून फिरतात. किंमत कितीही मोहात पाडणारी असो, गोळी भरून बाळगायला ती घेऊ नयेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

दुसरे वळण परवान्याचे. एकोणिसाव्या शतकापासून बहुतेक राज्यांत हत्यार लपवून बाळगणे हा गुन्हा तरी होता, नाहीतर अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. फ्लोरिडाने 1987 साली ठरवले की अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यायचाच. टेक्ससने 1995 साली तसा कायदा केला आणि मग राज्यामागून राज्य आले. ज्या वस्तूला पूर्वी पोलीस आणि दुकानदार एवढेच गिऱ्हाईक होते, तिला कायदेशीर बाजार मिळाला.

त्यातच 1994 चा कायदा आला: नव्या मॅगझिनमध्ये दहाच्या वर गोळ्या नकोत. दहा वर्षे चाललेल्या या बंदीने कारखानदारांचा हिशेब बदलला. पंधरा-सतरा गोळ्यांच्या मोठ्या पिस्तुलात दहाच भरायच्या असतील, तर इतकी लांब मूठ हवी कशाला? 1995 साली ग्लॉक 26 बाजारात आले, बरोबर दहा गोळ्यांचे. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या केल-टेकचे जॉर्ज केलग्रेन यांनी पी-11 आणले: 9 एमएम, दहा गोळ्या, वजन सुमारे 400 ग्रॅम, प्लॅस्टिकची मूठ आणि आत अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. चाप लांब आणि जड, झटका हात झिणझिणवणारा, पण किंमत ग्लॉकपेक्षा बरीच कमी. केलग्रेन तिथे थांबले नाहीत. 1999 चे पी-32 आणि 2003 चे पी-3एटी यांत त्यांनी झुकणाऱ्या नळीची रचना अडीचशे ग्रॅमच्या आत बसवली. .380 ला जड स्लाइड लागते, हे जुने बंधन इथे तुटले. रुगरने 2008 मध्ये एलसीपी काढले तेव्हा त्यावर पी-3एटी ची छाप उघड दिसत होती. पहिल्याच वर्षी रुगरने सुरुवातीची पिस्तुले परत मागवली, कारण गोळी भरलेले पिस्तूल पडल्यास बार उडण्याची शक्यता होती. भाग बदलून ती परत दिली गेली.

एवढ्या हलक्या पिस्तुलांचे दुखणे वेगळे असते. स्लाइड हलकी म्हणून ती फार वेगाने मागे जाते. मनगट सैल राहिले तर सांगाडाही मागे सरकतो, स्लाइडचा प्रवास अपुरा पडतो आणि रिकामी पुंगळी दारातच अडकते. मोठ्या पिस्तुलात खपून जाणारी पकड इथे खपत नाही. स्प्रिंगही लवकर थकते. तिची मुदत निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहून ती बदलावी.

9 एमएम च्या आजच्या गोळ्यांमागे 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआय आणि दरोडेखोर यांच्यात झालेली चकमक आहे. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी 12 ते 18 इंच शिरली पाहिजे असा निकष बसवला आणि पोकळ टोकाच्या गोळ्या त्या मापाने घडू लागल्या. तीन इंची नळीतून 9 एमएम च्या चांगल्या गोळ्या हा निकष पाळतात. पावणेतीन इंची नळीतल्या .380 ला मात्र निवड करावी लागते: टोक उमलले तर गोळी कमी शिरते, पुरेशी शिरली तर बहुधा उमललेली नसते.

स्मिथ अँड वेसनचे शील्ड 2012 चे आणि ग्लॉक 43 हे 2015 चे. दोन्ही सपाट, एका रांगेत सहा ते आठ गोळ्या. मग जानेवारी 2018 मध्ये सिगने पी365 दाखवले आणि सगळा बाजार हलला. तितक्याच आकारात दहा गोळ्या, वजन 505 ग्रॅम, नळी 3.1 इंच. किमया मॅगझिनमध्ये होती. खाली गोळ्या दोन रांगांत नागमोडी बसतात आणि वर येताना डबा निमुळता होत एकच रांग उरते, म्हणून मूठ फुगत नाही. सुरुवातीच्या पिस्तुलांत स्ट्रायकर काडतुसाच्या टोपीवर घासण्याची तक्रार होती, ती पुढे सुधारली. 2019 मध्ये स्प्रिंगफील्डचे हेलकॅट आले, 2021 मध्ये टॉरसचे जीएक्स4, रुगरचे मॅक्स-9 आणि शील्ड प्लस. यात खरा फायदा खिसा हलका असलेल्यांचा झाला, कारण एका रांगेची पिस्तुले आणि रुगरचे ईसी9एस, टॉरसचे जी2सी यांसारखी साधी मॉडेल्स दोनशे ते तीनशे डॉलरमध्ये मिळू लागली. ईसी9एस मध्ये नेम धरायची खाच आणि माशी स्लाइडमध्येच कोरलेली आहे. स्वस्ताई तिथून येते आणि ती बदलता येत नाही.

टॉरसचे कुणी वापरलेले जुने पिस्तूल विकत घेताना मात्र जपावे. पहिल्या पिढीच्या मिलेनियमसह नऊ मॉडेल्सवर पडल्यावर बार उडतो असा दावा झाला होता आणि 2015 मध्ये कंपनीने तडजोड मान्य केली. कुठल्याही कंपनीचे जुने पिस्तूल असो, पैसे देण्याआधी त्याचा क्रमांक निर्मात्याच्या परत-मागवणीच्या यादीत तपासावा.

घ्यायचे ठरलेच तर आधी मुठीकडे पाहावे. कमरेला लावल्यावर कपड्यातून टोचून दिसते ती मूठ. नळी पँटच्या आत जाते, तिची लांबी अर्धा इंच वाढली तरी काही बिघडत नाही. दुकानातच स्लाइड पाच-सात वेळा ओढून पाहावी. ज्या गोळ्या रोज बाळगायच्या, त्याच किमान दोनेकशे झाडून एकही अडकत नाही याची खात्री करावी. म्हणजे गोळ्यांचा खर्च धरूनच बजेट आखावे. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, कडक हवे आणि चाप पूर्ण झाकणारे हवे. खिशात बाळगायचे असेल तरीही खिशाचे होल्स्टर लागतेच आणि त्या खिशात किल्ली, पेन, नाणी काही ठेवू नये. मऊ पडलेल्या चामड्याची घडी चापात शिरून, पिस्तूल परत ठेवताना मांडीत गोळी गेल्याचे प्रकार घडलेले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या ब्रुएन निकालानंतर अधिकाऱ्याच्या मर्जीवरचे परवाने सगळीकडे संपले आणि 2024 पर्यंत 29 राज्यांत परवान्याशिवायही बाळगता येऊ लागले. तरी प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाहीत आणि दहा गोळ्यांची मर्यादा काही राज्यांत अजून आहे. तिथल्या मराठी मंडळींपैकी एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायलाच बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद मोजके आहेत आणि ते वकिलाकडून समजून घ्यावेत. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी लागू नाही.