पाचोळ्यातल्या सापसुरळ्यांची नातीगोती

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये काम करणाऱ्या कार्ल पॅटरसन श्मिट यांनी १९२६ साली त्या वेळच्या चांदा (आजच्या गडचिरोली) जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या जंगलातून आलेल्या एका सापसुरळीला शास्त्रीय नाव दिलं : मबुया आलापल्लेन्सिस. पुढे १९४५ मध्ये त्यांनीच आणखी एका सापसुरळीचं बारसं केलं. ती होती ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या फर्नांडो दि नोरोन्या या बेटांवरची. तिचं नाव मबुया अटलांटिका. गडचिरोलीतलं सागाचं जंगल कुठे आणि अटलांटिक महासागरातली ही बेटं कुठे! तरीही दोन्हीकडचे प्राणी एकाच वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात (शास्त्रीय नावातला पहिला शब्द हा वंश सांगतो), बसले आणि त्या काळी यात कुणाला काही खटकलं नाही.

खटकण्यासारखं दिसतही नव्हतं. दोघींचं अंग लांबट, पाय आखूड, मान जवळजवळ नाहीच, शेपटी लांब आणि ठिसूळ, अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले तुकतुकीत खवले. प्रत्येक खवल्याखाली हाडाच्या बारीक चकत्यांची जडणघडण असते. त्यामुळे सापसुरळी चिमटीत धरली तर पालीसारखी मऊ लागत नाही, टणक आणि गुळगुळीत लागते. जगभरात या कुळात १७०० हून जास्त जातींची नोंद आहे. सरड्या-पालींच्या सगळ्या ज्ञात जाती मोजल्या तर ढोबळमानाने दर चारांतली एक सापसुरळी निघते. माणसाला विषबाधा होईल अशी यांतली एकही नाही. ‘सापाची मावशी’ म्हणून आपल्याकडे ती दिसताक्षणी मारली जाते, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

उष्ण प्रदेशातल्या जंगलांत सापसुरळ्यांचं वैविध्य डोळे दिपवणारं आहे. तिथला पाचोळा वर्षातला बराच काळ ओला असतो. त्यात वाळवी, कोळी, रातकिडे, गोमा यांची रेलचेल असते आणि लपायला ओंडके, दगड, मुळं असतातच. काही जाती उन्हाच्या कवडशात येऊन शेकतात, काही पाचोळ्याखालून बाहेरच पडत नाहीत, काही झाडावर राहतात, तर काहींनी माती पोखरत जगायचं ठरवून पायच टाकून दिले. पाचोळ्यात सुळकन घुसायचं तर शरीर विशिष्ट घडणीचंच लागतं, आणि ही घडण वेगवेगळ्या खंडांवर, वेगवेगळ्या पूर्वजांपासून पुन्हा पुन्हा तयार झाली आहे. वर्गीकरण करणाऱ्यांची सगळी अडचण इथेच आहे. चेहरेपट्टी सारखी म्हणून नातं जवळचं धरलं की फसगत होते.

सापसुरळी ओळखायची कशी, हे जरा जवळून पाहू. संशोधक तिच्या अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजतो. पाठीवरच्या खवल्यांवर बारीक उभ्या कडा असतात, त्या भिंगाखाली मोजतो. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या युट्रोपिस कॅरिनाटा या दांडग्या सापसुरळीच्या खवल्यावर बहुधा तीन कडा असतात, तर तिच्यापेक्षा लहान युट्रोपिस मॅक्युलॅरियाच्या खवल्यावर पाच ते नऊ. मग खालची पापणी पाहायची. काही जातींत ती खवल्यांनी झाकलेली असते, तर काहींत तिच्या मधोमध पारदर्शक खिडकी असते, म्हणजे डोळा मिटून मातीत डोकं खुपसलं तरी बाहेरचं दिसत राहतं. कानाच्या छिद्राच्या पुढच्या कडेला बारीक पाळ्या आहेत का, बोटांखाली किती पट्ट्या आहेत, डोक्यावरच्या मोठ्या खवल्यांपैकी कोणते एकमेकांना टेकतात, हे सगळं टिपून घ्यायचं. सगळी माहिती लिहून होईपर्यंत एकेका नमुन्यावर बराच वेळ जातो. अशाच निरीक्षणांवर दीडशे-दोनशे वर्षं या कुळाचं वर्गीकरण उभं राहिलं.

१९७० मध्ये सापसुरळ्यांचे अभ्यासक अॅलन ग्रीअर यांनी त्याला हाडांचा आधार दिला. कवटीच्या आणि टाळूच्या हाडांची ठेवण पाहून त्यांनी सापसुरळ्यांची चार उपकुळं मांडली. आज त्या मांडणीत बरेच बदल झाले असले, तरी उष्णकटिबंधातल्या बहुतेक सापसुरळ्या ज्यात येतात ते लायगोसोमिनी उपकुळ अभ्यासकांच्या बोलण्यात अजूनही सर्रास येतं. मला ग्रीअर यांचं काम फार मोलाचं वाटतं. हाताशी डीएनए नसताना त्यांनी बाहेरच्या कातडीवर न थांबता आतल्या सांगाड्यात नातं शोधलं.

डीएनए हाती आल्यावर मात्र धक्के बसायला लागले. पहिला मोठा धक्का मबुयाला. आशिया, आफ्रिका, अमेरिका अशा सगळीकडच्या शंभराहून जास्त जाती या एका वंशात कोंबल्या होत्या. २००२ मध्ये जर्मन आणि ब्राझिलियन संशोधकांनी नोरोन्याच्या सापसुरळीचा डीएनए तपासला, तर ती दक्षिण अमेरिकेतल्या शेजारणींना सोडून आफ्रिकेतल्या सापसुरळ्यांशी जुळली. तिचे पूर्वज आफ्रिकेतून वाहत आलेल्या झाडोऱ्यावर बसून महासागर ओलांडून आले असावेत. मुख्य भूमीवरच्या अमेरिकी मबुयांचे पूर्वजही असेच आफ्रिकेहून आले, पण वेगळ्या खेपेला. मग त्या अवाढव्य वंशाचे चार भाग करावे लागले. मबुया हे नाव अमेरिकेकडे राहिलं, केप व्हर्दे बेटांवरच्या जातींना कियोनिनिया, आफ्रिकेतल्यांना पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर ट्रॅकिलेपिस आणि आशियातल्यांना युट्रोपिस. म्हणजे आलापल्लीची सापसुरळी आता युट्रोपिस आलापल्लेन्सिस आणि नोरोन्याची ट्रॅकिलेपिस अटलांटिका.

या नोरोन्याच्या सापसुरळीची आणखी एक गंमत सांगायलाच हवी. तिथे मुलुंगू नावाचं झाड आहे, आपल्या पांगाऱ्याच्याच वंशातलं. कोरड्या दिवसांत ते फुललं की या सापसुरळ्या झाडावर चढतात, फुलात डोकं घालून मध चाटतात आणि अंगाला लागलेले पराग घेऊन पुढच्या फुलावर जातात. पाचोळ्यातल्या किडेखाऊ प्राण्याच्या कुळातली ही सापसुरळी बेटावर चक्क परागीभवन करते.

अमेरिकेत राहिलेल्या मबुयांचं वेगळेपण पोटात दडलेलं आहे. त्यांचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, त्यात बलक जवळजवळ नसतोच. पिल्लाचं सगळं पोषण आईच्या वारेतून होतं आणि सस्तन प्राण्यांच्या वारेशी इतकं साम्य इतर सरपटणाऱ्यांत क्वचितच सापडतं. आपली युट्रोपिस कॅरिनाटा मात्र अंडी घालते. एकाच नावाखाली ठेवलेल्या प्राण्यांच्या जगण्यात एवढा फरक होता!

दुसरी अशीच गोष्ट स्फेनोमॉर्फसची, म्हणजे खऱ्याखुऱ्या वनवासी सापसुरळ्यांची. भारतापासून फिलिपिन्स, न्यू गिनीपर्यंत पसरलेल्या या वंशात शंभरावर जाती जमा झाल्या होत्या. आपल्याकडे केरळच्या जंगलात आणि ईशान्य भारतातही त्या आहेत. फिलिपिन्सच्या जातींचे १९८० मध्ये वॉल्टर ब्राउन आणि एंजल अल्काला यांनी अंगाचा आकार, खवल्यांची संख्या आणि राहण्याची जागा पाहून गट पाडले होते. २०११ मध्ये चार्ल्स लिंकेम, अर्विन डिएस्मॉस आणि रेफ ब्राउन यांनी ते गट डीएनएवर तपासले. ते जसेच्या तसे टिकले नाहीत. पिनॉयसिंकस, टिटथोसिंकस अशी नवी नावं द्यावी लागली. ओटोसॉरस, इन्सुलासॉरस ही बाजूला पडलेली जुनी नावं पुन्हा वापरात आली. तिथल्याच युट्रोपिसच्या बाबतीत तर दिसण्यात फरक जवळजवळ नाही आणि डीएनएमध्ये खोल दरी, असा प्रकार निघाला.

न्यू गिनीत याहून अचाट प्रकार आहे. तिथल्या काही सापसुरळ्यांचं रक्त हिरवं असतं. तांबड्या रक्तपेशी मोडल्या की बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं रंगद्रव्य तयार होतं. आपलं शरीर त्याचा निचरा करतं, यांच्या शरीरात ते साठत राहतं. माणसाला प्राणघातक ठरेल त्याच्या कितीतरी पट बिलिव्हर्डिन अंगात घेऊन या सापसुरळ्या निवांत जगतात. जीभ, स्नायू, हाडं, सगळं हिरवं. इतकं विलक्षण लक्षण एकदाच निर्माण झालं असणार, म्हणून या सगळ्यांना प्रासिनोहीमा या एका वंशात ठेवलं होतं. २०१८ मध्ये क्रिस्टोफर ऑस्टिन यांच्या गटाने आजूबाजूच्या जातींसह त्यांची वंशावळ मांडली, तेव्हा हिरवं रक्त चार वेळा स्वतंत्रपणे आलं असावं, असं दिसलं. रक्ताचा रंगसुद्धा नात्याची खात्री देत नसेल, तर पाठीवरच्या पट्ट्याची काय कथा!

आता आपल्या घरी येऊ. भारतातल्या युट्रोपिसचे पूर्वज आग्नेय आशियातून इथे आले आणि मग इथेच त्यांच्या अनेक जाती झाल्या, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासातून २०१२ मध्ये पुढे आलं. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात रिस्टेला हा वंश आहे. त्याच्या चार जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांची नखं मांजरासारखी आत ओढली जातात. त्यांचं सगळ्यात जवळचं नातं श्रीलंकेच्या लँकासिंकसशी आहे. शोला, म्हणजे उंच डोंगरांवरच्या सदाहरित जंगलांच्या पाचोळ्यात निळसर शेपटीच्या केस्टलिया आहेत, त्याही फक्त पश्चिम घाटातल्या. झाडांवर राहणाऱ्या डॅसियाची एक जात २०१२ मध्ये नव्याने नोंदली गेली आणि ज्येष्ठ वन्यजीवशास्त्रज्ञ ए. जे. टी. जॉनसिंह यांचं नाव तिला मिळालं. पाय अगदी तोकडे असलेल्या लायगोसोमा या जुन्या वंशाचीही २०१९ मध्ये फोड झाली आणि गोव्याचं नाव मिरवणारी सापसुरळी आता रिओपा गोआएन्सिस झाली.

हे सतत बदलणारं नामकरण वनखात्यातल्या लोकांना आणि हौशी निरीक्षकांना जाचतं. काल पाठ केलेलं नाव आज जुनं. सगळंच स्वीकारावं असंही नाही. २०१४ मध्ये ब्लेअर हेजेस यांनी एका सापसुरळी कुळाची नऊ कुळं करा असं सुचवलं, पण बहुतेक अभ्यासक अजून एकच कुळ मानतात आणि मलाही तेच पटतं. कुळ फोडल्याने नात्याबद्दल नवीन काही कळत नाही. जाती वेगळ्या ओळखणं मात्र निकडीचं आहे. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर एमोइया नेटिव्हिटाटिस नावाची वनवासी सापसुरळी होती. एके काळी तिथे ती मुबलक होती. ३१ मे २०१४ रोजी ‘गंप’ नावाची, माहीत असलेली शेवटची मादी पिंजऱ्यात मेली आणि जात संपली. ती त्या एकाच बेटावरची स्वतंत्र जात आहे हे आधी ठाऊक होतं, म्हणून निदान काय गेलं ते कळलं. दूरवर पसरलेल्या एखाद्या नावाखाली ती दडलेली असती, तर नकाशावरचा एक ठिपका तेवढा पुसला गेला असता.

महाराष्ट्रात अशी काळजी वाटावी असा प्राणी पुण्याच्या वेशीवर आहे. १९७० मध्ये कात्रज घाटातून नोंदलेली युरिलेपिस पूनाएन्सिस. तिचे फार थोडे नमुने माहीत आहेत, आणि दरम्यानच्या काळात शहर कात्रजच्या डोंगरापर्यंत चढलं आहे. ती शोधायला मोठी मोहीमच लागेल असं नाही. डोंगरावर, देवराईत, शेताच्या बांधावर सापसुरळी दिसली की नुसता पाठीचा एक फोटो काढून थांबू नका. एक फोटो कुशीवरून घ्या, त्यात डोळा, पापणी आणि कानाचं छिद्र स्पष्ट यायला हवं. एक वरून, डोक्यावरचे खवले मोजता येतील इतक्या जवळून. आणि पाठीच्या मध्यावरचा एक, खवल्यांवरच्या कडा दिसतील असा. जागा आणि तारीख जोडा. दगड उलटवला असेल तर तो होता तसा परत ठेवा. शेपटीला हात लावू नका, ती चटकन तुटते.