पार्श्वभूमी : संमतिवय, कोयता आणि १ जून

मुलगी सतराची, मुलगा एकोणिसाचा. दोघं घर सोडून जातात. दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप ठाण्यात जातो आणि फिर्यादीत ठरलेलं वाक्य उतरतं : ‘फूस लावून पळवून नेले.’ पुढे पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो. मराठवाड्यात पेपर वाचणाऱ्याला ही बातमी पाठ असते. पण संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याच्या किमान वयाचा, कायदा झाला तो अशा पोरापोरींसाठी नव्हे, नवऱ्यांना आवरण्यासाठी.

१८६० च्या दंडविधानात संमतिवय होतं १०. १८९० मध्ये कोलकात्यात फुलमणी दासीचा खटला गाजला. ती दहा-अकरा वर्षांची, नवरा तिशी ओलांडलेला. त्याच्या बळजबरीत तिचा जीव गेला. दहा वर्षं उलटलेली म्हणून बलात्काराचं कलम लागूच झालं नाही आणि वर्षभराच्या सक्तमजुरीवर भागलं. १८९१ मध्ये वय १२ केलं गेलं, तेव्हा पुण्यात टिळक विरोधात आणि आगरकर, भांडारकर बाजूने उभे राहिले. धर्मात सरकारने हात घालावा का, यावरच सगळी शाई खर्च झाली.

मराठवाडा या भांडणात नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाकडे. १९२५ मध्ये वय १४ झालं, १९२९ मध्ये बालविवाह रोखणारा शारदा कायदा आला, १९४९ मध्ये वय १६ झालं. नवऱ्याला मात्र दर वेळी वेगळी, कमी वयाची मुभा. भारतीय दंडविधान इथे आलं ते हैदराबाद भारतात सामील झाल्यावर, १९५१ मध्ये. पुण्याने घसा कोरडा करून ज्यावर वाद घातला, ते आमच्याकडे वादाशिवाय, आयतं आलं. ते अंगवळणी का पडलं नाही, याचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं.

उरलेलं निम्मं उसाच्या फडात आहे. ऊसतोड मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. लग्न झालं की एक कोयता वाढतो. शिवाय दसरा-दिवाळीनंतर आई-बाप कारखान्याकडे निघाले की वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीत २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९.

२०१२ च्या पोक्सोने वय १८ केलं, २०१३ मध्ये दंडविधानानेही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन बायकोच्या नवऱ्याची सूट काढली. आता सोळाव्या वर्षी थाटात लग्न लावलेली मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात आली, की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं.

दोघांच्या वयातलं अंतर आपला कायदा मोजत नाही. सतराच्या मुलीसोबत एकोणिसाचा असो वा चाळिशीतला, कलम तेच. कॅनडात १४-१५ वर्षांच्यांना पाच वर्षांहून कमी अंतराच्या जोडीदारापुरती सवलत आहे. आपल्या विधी आयोगाने २०२३ मध्ये वय कमी करायला नकार दिला. १६ ते १८ च्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना मोकळीक द्या, एवढंच सुचवलं.

वय सिद्ध होतं ते आधी शाळेच्या दाखल्यावरून. आमच्या आधीच्या पिढीत गावोगावच्या अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून असायची, कारण नाव घालताना गुरुजी अंदाजाने तीच लिहीत. अजूनही एखाद्या दाखल्यावर ती दिसते, आणि पोरगं आत की बाहेर हे त्या अंदाजावर ठरतं.