बेडीपासून बोलण्यापर्यंत : कारागृहातल्या धमकीमागचा इतिहास

जुलै 2020 मध्ये जळगावच्या जिल्हा कारागृहातून तीन कैदी पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याला पिस्तुलाचा धाक दाखवून पळाले. पिस्तूल आत आलेच कसे, हा प्रश्न साहजिकच सगळ्यांत मोठा ठरतो. पण तुरुंगात नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला रोज येणाऱ्या धमकीला हत्यार लागत नाही. "भाईर येऊ दे, मंग दखसू तुले" (बाहेर येऊ दे, मग बघतो तुला) एवढे अहिराणी वाक्य पुरते. मुंबईत कोणी असे म्हणाले तर बाहेर अफाट शहर असते. इकडे शिपाई जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचा आणि कैदीही चोपड्याचा असू शकतो, आणि बाजाराच्या दिवशी दोघांची गाठ पडू शकते. कोणाचे घर कोणत्या गल्लीत आणि पोरे कोणत्या शाळेत, हे आतल्याला ठाऊक असते. अशा धमकीचे करायचे काय, याला कायद्याने आणि प्रशासनाने गेल्या दोनशे वर्षांत दिलेले उत्तर बदलत आले आहे. धुळ्या-जळगावात आज नेमके काय हवे आहे, ते या बदलांचा माग घेतला की स्पष्ट होते.

खान्देश, म्हणजे हा धुळे-जळगावचा भाग, 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. त्यानंतर वीस वर्षांनी, 1838 मध्ये, मेकॉले ज्या समितीत होता त्या तुरुंग शिस्त समितीचा अहवाल आला. कैद्याला सुधारण्याची कल्पना तिने फारशी मानली नाही. कंटाळवाणे, रुक्ष काम आणि कडक शिस्त हाच तिचा रोख होता. पुढे 1894 चा तुरुंग कायदा झाला आणि शतकाहून अधिक काळ देशातली कारागृहे त्याच्यावर चालली. त्याच्या 45 व्या कलमात तुरुंगातल्या गुन्ह्यांची यादी आहे. हल्ल्याच्या लगेच खाली अपमानकारक किंवा धमकीची भाषा हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. 46 व्या कलमात शिक्षा आहेत: समज देण्यापासून सुरुवात, मग कष्टाचे काम, सवलती बंद, गोणपाटाचे कपडे, हातकड्या, पायबेड्या, 14 दिवसांपर्यंत कोठडीबंदी आणि शेवटी 30 पर्यंत फटके. शिक्षा सोसण्याइतकी कैद्याची प्रकृती आहे का हे डॉक्टरने पाहायचे, शिक्षेची नोंद वहीत करायची, हेही कायद्यात आहे. धमकी दिल्यानंतर काय करायचे ते असे बारकाईने सांगितले. तोंडातून धमकी निघत असताना समोर उभ्या शिपायाने त्या दोन मिनिटांत कसे वागायचे, याबद्दल मात्र त्यात काही नाही. माझ्या मते पुढच्या बऱ्याच हालांचे मूळ इथे आहे, कारण शिपायाला अधिकार मिळाला पण रीत कोणी शिकवली नाही.

मनुष्यबळ कमी म्हणून त्या काळी कैद्यांतूनच पहारेकरी आणि मुकादम नेमत. एका कैद्याला दुसऱ्यावर हुकूम चालवू दिला की दहशतीला सरकारी टोपी मिळते. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या 1919-20 च्या समितीने कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट आहे, असे पहिल्यांदा ठळकपणे मांडले. कैदी पहारेकऱ्यांची पद्धत तरीही लगेच गेली नाही.

1894 च्या याच कायद्याखाली चालणाऱ्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली जे घडले ते महाराष्ट्राला माहीत आहे, पण तुरुंग प्रशासनाच्या अंगाने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी विनोबा भाव्यांनी गीतेवर प्रवचने दिली. सलग अठरा रविवार. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ऐकणारे बहुतेक राजकीय कैदी होते, त्यामुळे मारामारीच्या गुन्ह्यात आत आलेल्या माणसांना हाच अनुभव जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. रविवारी ऐकायचे, पुढच्या रविवारची वाट पाहायची, मधल्या दिवसांत त्यावर बोलायचे, अशाने आठवड्याला आकार येतो. भिंतीआड डोके फिरते ते बहुतेक वेळा रिकाम्या वेळाने, आणि काम नसलेल्या बराकीत क्षुल्लक गोष्टीवरून धमकीपर्यंत जायला वेळ लागत नाही. हेच विनोबा मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात गेले आणि त्यांच्यापुढे वीसेक डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली. हत्यारबंद माणसाशीही बोलता येते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

धोकादायक कोण, हे ठरवण्याचा इतिहास मात्र वेदनादायक आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण पारध्यांसारख्या समाजांवरची नजर गेली नाही. कोणी चढ्या आवाजात बोलले तर ते चिडणे समजायचे की धमकी, हे ऐकणाऱ्याच्या मनातल्या शिक्क्यावरही ठरते. तुरुंगांच्या नियमावल्यांत हा शिक्का कसा टिकून होता ते सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात दाखवले. जातीवरून कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. भिल्ल, पावरा, तडवी, पारधी अशी वस्ती असलेल्या खान्देशाला हा निकाल जवळचा आहे.

बेड्यांचा प्रश्न न्यायालयात पोचला तो सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याच्या 1978 च्या खटल्यात. फाशीची शिक्षा झाली एवढ्यावरून माणसाला एकांतकोठडीत टाकता येत नाही आणि कारणे न नोंदवता, कैद्याचे म्हणणे न ऐकता बेड्या चालवता येत नाहीत, असे ठरले. पुढच्याच वर्षी तिहारमधल्या एका कैद्याच्या छळाबद्दल त्याच बत्रांनी न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्या पत्रालाच याचिका मानले गेले. 1980 मध्ये सरसकट हातकड्या घालण्यावर बंधन आले. या निकालांनी शिपायाचे हात बांधले अशी कुरकुर अजूनही ऐकू येते. ती मला पटत नाही. बेडीने माणूस जागेवर राहतो, पण त्याचा राग बेडीत राहत नाही. बेडी निघते त्या दिवशी तो राग सर्वात जवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यावर निघतो. 1980 ते 1983 या काळात काम केलेल्या तुरुंग सुधारणांसाठीच्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर दिला होता, तो याच धाग्याला धरून.

बाहेरच्या जगाला हा धडा रक्त सांडून मिळाला. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात सप्टेंबर 1971 च्या उठावात आणि तो मोडताना 43 जण मेले. इंग्लंडमध्ये 1990 साली मँचेस्टरचा स्ट्रेंजवेज तुरुंग कैद्यांनी 25 दिवस धरून ठेवला. त्याच्या चौकशीनंतर लॉर्ड वुल्फ यांनी सुरक्षा, नियंत्रण आणि न्याय या तिन्हींचा तोल हवा असे सांगितले. त्याआधी 1985 मध्ये इयन डनबार या ब्रिटिश तुरुंगाधिकाऱ्याने एक कल्पना मांडली होती: कुलूप आणि भिंत यांच्याइतकीच सुरक्षा कर्मचारी कैद्याला किती ओळखतो यावर अवलंबून असते. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत ही कल्पना आली. वाद वाटाघाटीने आणि मध्यस्थीने शमवण्याचे शिक्षण कर्मचाऱ्याला द्यावे, बळ लागेल तेवढेच वापरून लगेच कारागृहप्रमुखाला कळवावे, 15 दिवसांहून जास्त सलग एकांत देऊ नये आणि शिस्तीचे काम कैद्याकडे सोपवू नये, असे ते नियम सांगतात.

आता खान्देशाकडे. इथे मध्यवर्ती कारागृह नाही. धुळे आणि जळगावच्या जिल्हा कारागृहांत मुख्यतः कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. देशभरातही 2022 अखेर 5,73,220 कैद्यांपैकी जवळपास 76 टक्के कच्चेच होते आणि कारागृहांत क्षमतेच्या 131 टक्के भरणा होता. या आकड्यांत धमकीचा एक पैलू दडला आहे. शिक्षा झालेल्या कैद्याला नीट वागल्याबद्दल शिक्षेतून माफीचे दिवस मिळतात, आणि गेलेले दिवस त्याला दुखतात. कच्च्या कैद्याला माफीच नाही, तर तो गमावणार काय? शतकभर शिस्तीचे जे मोठे साधन मानले गेले ते जिल्हा कारागृहात जवळजवळ चालत नाही. मागे राहतात दोनच गोष्टी, ओळख आणि बोलणे.

धमकीही एकाच प्रकारची नसते. एकाची कोर्टाची तारीख गार्द, म्हणजे कोर्टात नेणारे पोलीस, न मिळाल्याने हुकते, घरून कोणी मुलाखतीला येत नाही, वकील फोन उचलत नाही, आणि तो गजांवर हात आपटून शिव्या देतो. दुसरा शांतपणे, आवाज न चढवता, मोबाइल आत आणायला सांगतो आणि नकार दिला तर पोरांच्या शाळेचे नाव घेतो. पहिल्यासमोर हाताच्या टप्प्याबाहेर अंतर ठेवून, बाजूला वळून, हात मोकळे दिसतील असे उभे राहावे, "काय व्हयनं भाऊ, सांग तं" म्हणावे आणि खरे काय झाले ते विचारावे. बाकीच्या कैद्यांसमोर त्याला खाली पाहायला लावू नये, कारण बघे असले की त्याला माघार घेता येत नाही. तारीख पुढची कोणती पडली ते कोर्टाकडून कळवून दिले तर निम्मी आग तिथेच विझते. पावरी किंवा भिली बोलणाऱ्याशी त्याच्या बोलीतला माणूस बोलला तर आणखी लवकर. दुसऱ्याशी मात्र एकट्याने वाटाघाटी करायच्या नसतात. त्याच दिवशी लेखी नोंद, वरिष्ठांना कळवणे, त्याची बराक बदलणे आणि झडती, हेच योग्य. दोघांना एकच शिक्षा देणारा कर्मचारी पहिल्याला आणखी भडकवतो आणि दुसऱ्याला मोकळे सोडतो.

2016 च्या नमुना कारागृह नियमावलीने आणि केंद्राच्या 2023 च्या नमुना कायद्याने कारागृहाकडे सुधारसेवा म्हणून पाहिले आहे. राज्यातल्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण पुण्यात येरवड्याला होते. पण रात्रपाळीला एका शिपायाकडे कितीतरी माणसे असताना शिकलेले आठवायला सराव लागतो, आणि तो जिल्ह्यातच, वर्षातून काही वेळा, खऱ्या बराकीसमोर व्हायला हवा. बाहेरच्या धमकीचे तर अजून निराळे आहे. भारतीय न्याय संहितेच्या 351 व्या कलमाने धाकदपटशा हा गुन्हा आहे, पण गावात घर असलेला शिपाई स्वतःच्या नावाने तक्रार द्यायला कचरतो. ती तक्रार अधीक्षकांनी कारागृहाच्या वतीने द्यावी, नोंदीची प्रत शिपायाकडे राहावी आणि त्याच्या घराकडे स्थानिक पोलीस ठाण्याने काही दिवस लक्ष ठेवावे, एवढी व्यवस्था धुळ्या-जळगावात करायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.