सक्तीच्या हजेरीपासून रविवार रात्रीच्या मिस्सेपर्यंत : कॅम्पस मिनिस्ट्रीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक कॅथलिक विद्यापीठात आज कॅम्पस मिनिस्ट्रीचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या धर्मसेवेचं, कार्यालय असतं. रविवारी रात्री उशिराची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), शनिवार-रविवारच्या रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाची शिबिरं), वसतिगृहात जमणारे बायबल वाचनाचे गट, गायनवृंद, बेघरांच्या निवाऱ्यात मदतीला जाणारी मुलं, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची तयारी, हे सगळं तिथून चालतं. संस्था कॅथलिक, तेव्हा हे पहिल्यापासून असणारच, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात आजच्या रूपातलं हे कार्यालय जेमतेम पन्नास-साठ वर्षांचं आहे. त्याचा नमुनाही कॅथलिक विद्यापीठांनी घडवलेला नाही. ज्या विद्यापीठांत कॅथलिक मुलं उपरी होती, तिथून तो आला.

मुळं शोधत गेलं की दोन प्रवाह दिसतात. एक वरून आलेला, शिस्तीचा. दुसरा विद्यार्थ्यांच्या छोट्या टोळक्यांचा. टिकलं ते बहुतेक दुसऱ्यातलं.

शिस्त आणि टोळकं यांचं पहिलं यशस्वी मिश्रण रोममध्ये झालं. जेज्वीट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 1551 साली स्थापन केलेल्या रोमन कॉलेजात झां लेनिस हा तरुण जेज्वीट शिक्षक होता. 1563 मध्ये त्याने शाळा सुटल्यावर काही मुलांना जमवायला सुरुवात केली. येशूची आई मारिया हिच्या वेदीसमोर प्रार्थना, थोडं वाचन, आणि गरिबांची सेवा. हीच मारियन सोडॅलिटी, म्हणजे मारियेच्या नावाचा भक्तिगट. 1584 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी तिला अधिकृत मान्यता दिली आणि जेज्वीट कॉलेज जिथे जिथे उघडलं तिथे तिथे सोडॅलिटी पोचली. गट लहान, नियम थोडे, प्रार्थनेला सेवेची जोड, हा साचा त्यानंतर फारसा बदललेला नाही.

सेवेच्या बाजूला मात्र खरं वळण दिलं ते पॅरिसने. सोरबॉनमध्ये कायदा शिकणारा फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे मित्र एक वादविवाद मंडळ चालवायचे. तिथे विरोधी मताच्या मुलांनी त्यांना सरळ विचारलं : चर्चने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? प्रश्न झोंबला. 23 एप्रिल 1833 रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, हे मोजके विद्यार्थी वडीलधाऱ्या एमान्युएल बायी यांच्यासोबत बसले आणि त्यांनी वाद घालण्याऐवजी गरिबांच्या घरी जायचं ठरवलं. सुरुवातीच्या एका भेटीची हकिगत अशी सांगतात की ओझानाम आणि त्याचा सोबती स्वतःच्या खोलीतला सरपणाचा साठा एका गरजूच्या दारी घेऊन गेले. वस्तीतली घरं त्यांना ठाऊक नव्हती, कुठे काय न्यायचं हेही कळत नव्हतं. ते शिकवलं सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. मुफ्तार भागातल्या गल्ल्या त्यांना पाठ होत्या. यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. तिचा दंडक साधा होता, मदत पाठवायची नाही, घेऊन जायची, आणि घरात बसून बोलायचं. आजच्या सेवा-सहलींतून परतलेल्या मुलांच्या तोंडी ‘आम्ही काही दिलं नाही, शिकून आलो’ असं वाक्य असतं. त्याचा उगम या गल्ल्यांत आहे. ते कधीकधी फार सहज बोललं जातं, हा भाग वेगळा.

आता इंग्लंड. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधल्या धार्मिक अटी 1871 च्या कायद्याने उठल्या. तरी कॅथलिक बिशपांनी आपल्या मुलांना तिथे जाऊ देण्यास 1895 पर्यंत विरोध केला. जॉन हेन्री न्यूमन हे ऑक्सफर्डचे नामवंत अँग्लिकन धर्मगुरू 1845 मध्ये कॅथलिक झाले होते. डब्लिनमध्ये 1854 साली सुरू झालेल्या कॅथलिक विद्यापीठाचे ते पहिले रेक्टर. 1860 च्या दशकात ऑक्सफर्डमध्येच ऑरेटरी (धर्मगुरूंचा समुदाय आणि त्यांचं चर्च) काढायची त्यांची योजना होती, पण तिथे न्यूमन आले म्हणजे कॅथलिक मुलं मागोमाग येणार, या धास्तीने वरिष्ठांनी ती हाणून पाडली. ज्या माणसाला विद्यापीठाच्या दारात चॅपेल उघडू दिलं नाही, त्याचंच नाव पुढे जगभरच्या विद्यापीठ-चॅपेलांना लागलं.

ते लावलं अमेरिकेतल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने. टिमथी हॅरिंग्टन आधी विस्कॉन्सिन विद्यापीठात होता. तिथे 1883 मध्ये थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दिवशी काही कॅथलिक मुलं मेल्विन कुटुंबाच्या घरी जेवायला जमली. वर्गात चर्चविषयी ऐकाव्या लागणाऱ्या शेऱ्यांचा विषय निघाला आणि उत्तर द्यायचं तर आपला इतिहास आपल्याला माहीत हवा, यावर एकमत झालं. मेल्विन क्लब तिथे जन्मला. हॅरिंग्टन पुढे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात गेला आणि 1893 मध्ये त्याने पहिला न्यूमन क्लब काढला. न्यूमन यांचं निधन होऊन तीनच वर्षं झाली होती.

बिशपांना हे फारसं रुचलं नाही. सरकारी विद्यापीठात कॅथलिक मुलांची सोय करायची म्हणजे त्यांनी तिथे जाणं मान्य करायचं. मग आपली कॉलेजं कशाला? न्यूमन क्लबवाल्यांच्या मदतीला आलं ते पोप दहावे पायस यांचं 1905 चं एक परिपत्रक. ज्या शहरांत सरकारी विद्यापीठं आहेत तिथे विद्यार्थ्यांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग काढा, असं त्यात म्हटलं होतं. 1915 मध्ये क्लबांचा महासंघ झाला. इलिनॉय विद्यापीठात फादर जॉन ओब्रायन यांनी तर पदवीला धरले जाणारे धर्मविषयक अभ्यासक्रम सुरू केले. 1920 च्या दशकात त्यावरून जेज्वीटांशी कडाक्याचा वाद झाला. मुद्दा जुनाच होता : मुलं आपल्या कॉलेजांतून पळतील.

त्या कॉलेजांत मग काय चाललं होतं? तिथे कॅम्पस मिनिस्ट्रीची गरजच कुणाला वाटत नव्हती. शिकवणारे धर्मगुरू, वसतिगृहात राहणारे धर्मगुरू, दिवे कधी मालवायचे ते ठरवणारेही धर्मगुरू. अनेक ठिकाणी मिस्सेला हजेरी सक्तीची होती. इंडियानातल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे प्रीफेक्ट ऑफ रिलिजन (विद्यार्थ्यांच्या धर्मजीवनाचे प्रमुख) फादर जॉन ओहारा या काळाचा अर्क म्हणावेत असे. पोप दहावे पायस यांनी 1905 मध्येच वारंवार, शक्य तर रोज ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेण्यास प्रोत्साहन दिलं होतं. ओहारांनी ते इतकं मनावर घेतलं की किती मुलांनी ख्रिस्तप्रसाद घेतला याचे आकडे ते ठेवत आणि आपल्या ‘रिलिजस बुलेटिन’मधून विद्यार्थ्यांपुढे मांडत. फुटबॉल संघाचा सहभाग त्यात विशेष महत्त्वाचा. खेळाडू रांगेत उभे राहिले की बाकीची मुलं आपोआप येतात, हे त्यांनी ओळखलं होतं. आज आकड्यांची ही भक्ती गमतीची वाटते, पण विद्यार्थी धर्मगुरूंच्या दारावर टकटक करून बोलायला येत, ही सवय त्यांच्यासारख्यांनीच लावली. ओहारा पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, नंतर कार्डिनल.

ही चौकट दोन धक्क्यांनी हलली. सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या 1944 च्या जी. आय. बिल या कायद्यामुळे युद्धावरून परतलेले सैनिक कॉलेजात आले. रणांगण पाहून आलेल्या माणसाला दहा वाजता दिवा मालव म्हणून कोण सांगणार? दुसरा धक्का 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे चर्चमध्ये बदल ठरवणाऱ्या जगभरच्या बिशपांच्या सभेचा. मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत आली, मुलं गिटार घेऊन चॅपेलमध्ये शिरली.

मला यात सर्वांत बोलका वाटतो तो उपवासाचा नियम. पूर्वी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे, म्हणून मिस्सा सकाळीच. पोप बारावे पायस यांनी 1953 मध्ये पाण्याला आणि संध्याकाळच्या मिस्सेला मुभा दिली, 1957 मध्ये उपवास तीन तासांवर आणला. 1964 मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. सकाळी न उठणाऱ्या मुलांसाठी रविवारी रात्री नऊ-दहाची मिस्सा, आणि ती संपल्यावर सगळ्यांनी मिळून खाणं, हा आजच्या कॅम्पस जीवनाचा कणा या बदलाशिवाय उभाच राहिला नसता.

1967 मध्ये बरंच काही एकदम घडलं. फेब्रुवारीत पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातले काही विद्यार्थी आणि प्राध्यापक एका वीकेंड रिट्रीटला गेले आणि तिथून पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ सुरू झाली. जुलैत नोत्र दामचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ’लेक्स इथे कॅथलिक विद्यापीठांच्या धुरिणांनी निवेदन काढलं की विद्यापीठाला बाहेरच्या सत्तेपासून, मग ती चर्चची का असेना, स्वायत्तता हवी. संस्थांचा कारभार सामान्य श्रद्धावंतांचा भरणा असलेल्या मंडळांकडे जाऊ लागला, हजेरीची सक्ती गेली, धर्मगुरूंची संख्याही घसरू लागली. जी श्रद्धा इमारतीच्या भिंतींतून आपोआप झिरपते असं मानलं होतं, तिच्यासाठी आता वेगळे कर्मचारी नेमावे लागले. तयार नमुना होताच, सरकारी विद्यापीठांत न्यूमन क्लबांतून वाढलेल्या न्यूमन सेंटरांचा. त्यांनी सत्तर वर्षं सक्तीविना माणसं जमवली होती.

1985 मध्ये अमेरिकन बिशपांनी कॅम्पस मिनिस्ट्रीवर स्वतंत्र पत्र काढून समुदाय उभारणीपासून न्यायाच्या शिक्षणापर्यंत सहा कामं नेमून दिली. कॅथलिक विद्यापीठांविषयीच्या 1990 च्या ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी विद्यापीठातल्या धर्मसेवेला वेगळं स्थान दिलं. जेज्वीट संस्थांत मात्र न्यायाचा विषय आधीच पेटला होता. 1973 मध्ये जेज्वीटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांसमोर ‘इतरांसाठी जगणारी माणसं’ घडवण्याची भाषा केली. 16 नोव्हेंबर 1989 रोजी एल साल्वाडोरमधल्या जेज्वीट विद्यापीठात सैनिकांनी सहा जेज्वीट, त्यांच्याकडे काम करणारी बाई आणि तिची मुलगी यांना ठार मारलं. त्यानंतर वर्षानुवर्षं जेज्वीट कॉलेजांतली मुलं बस भरून जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगच्या फाटकापाशी निदर्शनाला जात राहिली, कारण मारेकऱ्यांतल्या अनेकांचं प्रशिक्षण तिथल्या अमेरिकी लष्करी शाळेत झालं होतं.

हल्लीची ओढाताण वेगळी आहे. 1998 मध्ये कॅन्ससच्या बेनेडिक्टीन कॉलेजात सुरू झालेली फोकस ही संघटना नुकतेच पदवीधर झालेले तरुण कॅम्पसवर पाठवते. ते स्वतःचा पगार देणग्यांतून उभा करतात आणि विद्यार्थ्यांना गाठून बायबल अभ्यासाचे गट चालवतात. जुन्या कार्यालयांतल्या काहींना हा सूर फार धीट वाटतो, तर फोकसवाल्यांना कार्यालयांचा सूर फार मवाळ. दुसऱ्या टोकाला जॉर्जटाउन आहे. 1789 मध्ये बिशप जॉन कॅरल यांनी काढलेल्या या विद्यापीठाने 1968 मध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) हॅरॉल्ड व्हाइट यांना आणि 1999 मध्ये इमाम याह्या हेंदी यांना पूर्णवेळ नेमलं. आज तिथे हिंदू विद्यार्थ्यांसाठी ‘धर्मालय’ आहे, आणि ते चालतं कॅम्पस मिनिस्ट्रीच्याच छत्राखाली.