ज्या मंडईला विरोध केला, तिलाच नाव

पुण्यात मंडई म्हटलं की आपण भाजी, गर्दी आणि पार्किंगची बोंब एवढंच बोलतो, पण त्या आठ कोनी दगडी इमारतीवर जोतीराव फुल्यांचं नाव कसं आलं हे किती जणांना माहितीये?

आधी ही जागाच बाजाराची नव्हती. भाजीबाजार भरायचा शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्यावर, उन्हापावसात. वाडा १८२८ च्या आगीत गेला होता, समोर मोकळं मैदान उरलं होतं, तिथेच विकणारे बसायचे. मग नगरपालिकेने शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधायचं ठरवलं आणि तिथेच वाजलं. फुले १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, गावात शाळांना पैसा नाही आणि तुम्ही बाजाराच्या इमारतीवर लाखांनी खर्च करताय, तो आधी शिक्षणावर करा. सोबत त्यांचे मित्र हरि रावजी चिपळूणकरही होते. पण ऐकतंय कोण, बहुमत दुसरीकडे होतं.

१८८६ मध्ये मंडई सुरू झाली आणि नाव पडलं रे मार्केट, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. मधे उंच मनोरा आणि त्याच्या भोवती लांबच लांब पाखे, आत शिरलात तर गाळेवाले उंच ओट्यावर मांडी घालून बसलेले आणि गिऱ्हाईक खाली उभं मान वर करून भाव विचारतंय, वांग्याचा ढीग त्याच्या नाकासमोर. ही बसायची पद्धत मला तरी फार आवडते, भाव करताना विकणारा आपोआपच वरचढ वाटतो :)

बाहेर लोकमान्यांचा पुतळा आहे, १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झालं. सभा, भाषणं, राजकारणाच्या गप्पा सगळं तिथेच, म्हणून तर लोक मंडई विद्यापीठ म्हणायला लागले, आणि त्याची डिग्री पुण्यात अजून चालते.

नाव बदललं ते १९३८ च्या सुमारास, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना. रे गेले आणि फुले आले. ज्या माणसाने ‘हा खर्च नको’ म्हणून भांडण केलं, त्याचंच नाव आज पाटीवर आहे. आणि सप्टेंबर २०२४ पासून खालून मेट्रो जाते, स्टेशनचं नावही मंडईच.