अंतर्जात कॅनाबिनॉइड : स्मृती आणि भीती

अंतर्जात, म्हणजे शरीरातच तयार होणारे कॅनाबिनॉइड : मेंदूतील चेतापेशी गरज पडेल तेव्हाच तयार करतात अशी स्निग्ध स्वरूपाची संदेशवाहक रसायने. गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (संदेश पकडणाऱ्या रेणूंवर) बसते, त्याच ग्राहींवर ही रसायने काम करतात. यांपैकी आनंदामाइड १९९२ मध्ये जेरुसलेम येथे राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत सापडले. २-एजी हे दुसरे रसायन १९९५ मध्ये.

यांचा प्रवास उलटा असतो. संदेश घेणारी पेशी फार उत्तेजित झाली की ती ही रसायने सोडते. ती मागे जाऊन संदेश धाडणाऱ्या पेशीच्या सीबी-१ या ग्राहीवर बसतात आणि संदेशांचा मारा कमी होतो. नंतर विकरे (एन्झाइम) त्यांचे लगेच विघटन करतात. आनंदामाइडसाठी हे काम मुख्यतः फाह हे विकर करते.

भीती ओसरण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. वाचलेल्यांना पुढे छताखाली निजायची धास्ती वाटू लागली. अशी धास्ती कमी होते ती आठवण पुसली गेल्याने नव्हे. छताखालच्या कितीतरी रात्री सुखरूप जातात आणि हा नवा अनुभव जुन्या भीतीला आवर घालतो. याला भीतीचे शमन म्हणतात. ते एक प्रकारचे शिकणेच आहे.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना विशिष्ट आवाजासोबत विजेचा झटका देण्यात आला. सीबी-१ नसलेले उंदीर भीती इतरांसारखीच शिकले. पण झटके थांबल्यावर नुसता आवाज पुनःपुन्हा ऐकवला तरी ते बराच काळ थिजून राहत. साध्या उंदरांच्या अमिग्डालात, म्हणजे मेंदूतील भीतीशी निगडित भागात मात्र त्या वेळी दोन्ही रसायने वाढलेली आढळली. दीर्घ ताणाने फाहची क्रिया वाढून आनंदामाइड घटते, हेही प्राण्यांत दिसले आहे.

माणसांतला पुरावा दुःखद मार्गाने आला. सीबी-१ रोखणारे रिमोनाबँट हे औषध २००६ पासून युरोपात वजन घटवण्यासाठी मिळू लागले. नैराश्य आणि चिंता वाढू लागल्याने २००८ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले.

पण म्हणून गांजा हा चिंतेवरचा इलाज ठरत नाही. अंतर्जात रसायन नेमक्या जागी थोडाच वेळ काम करते, टीएचसी मेंदूभर तासन्‌तास राहते. थोड्या मात्रेत त्याने सैल वाटते, जास्त मात्रेत धडकी भरते आणि ताजी स्मृती अडखळते.